एका डोक्याची चार हरणं

चार हरणं आहेत. धडं चार, डोकं मात्र एकच. आता सांगा, हे डोकं कुणाचं?

ही मोबाइलवरची करामत नाही बरं का. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, आतल्या एका खांबाच्या माथ्यावर, दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे दगडात कोरून ठेवलंय. खाली उभं राहून मान वर केली, की आधी काहीच उमगत नाही. नुसतीच हरणांची दाटी दिसते. मग डोळ्यांसमोर तळहात धरायचा आणि तीन धडं झाकायची. उरलेल्या धडावर ते डोकं असं चपखल बसतं, की त्याच्यासाठीच घडवलंय म्हणाल. हात सरकवा, दुसरं धड उघडं करा. आता डोकं त्याचं! चारही धडांशी त्याचं सारखंच जमतं.

खरी गंमत घडते ती आपल्या डोक्यात. मेंदू हा भलता घाईचा गडी. एक डोकं आणि त्याला लागून एक मान दिसली, की 'झालं, हरीण पुरं' असं ठरवून तो मोकळा होतो. नजर दुसऱ्या मानेवर गेली, की आधीचं विसरतो आणि पुन्हा नवं हरीण जुळवतो. चारही हरणं एकदम कधीच दिसत नाहीत, एकामागून एक दिसतात. सशाचं आणि बदकाचं एक चित्र तुम्ही पाहिलं असेल. एकदा बघितलं तर ससा, पुन्हा बघितलं तर बदक, पण दोन्ही एकाच वेळी नाही म्हणजे नाही. मेंदूचा अभ्यास करणारे लोक ते चित्र अजून वापरतात. ते १८९२ साली एका जर्मन मासिकात छापून आलं. आपलं हरीण त्याच्यापेक्षा चौदाशे वर्षांनी थोरलं आहे!

मला मात्र कोड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. ही युक्ती साधायची तर हरणाची मान कुठून कुठवर वळते, हे पक्कं ठाऊक हवं. बसलेलं हरीण मान मागे कशी टाकतं, उभं असलेलं खाली कशी घालतं, कान कधी टवकारतं, हे सगळं. नाहीतर एखाद्या धडावर डोकं उसनं आणल्यागत दिसलं असतं. ज्यानं हे कोरलं तो हरणं बघत बसला असणार. एकदा-दोनदा नव्हे, पुष्कळदा.

त्याचं नाव काय? त्यानं ते कुठेच लिहिलेलं नाही. लेण्यांसाठी दान देणाऱ्यांची नावं शिलालेखांत आहेत. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्याचं नाव सोळाव्या लेण्यात आजही वाचता येतं. पैसे देणाऱ्याचं नाव राहिलं आणि हरणं कोरणाऱ्याचं गेलं. मला हे जरा खटकतंच. पण इथल्या शिल्पकार-चित्रकारांना काय आवडायचं, हे आपल्याला नावाशिवायही कळतं. त्यांना प्राणी आवडायचे. भिंती भरून आवडायचे!

सहा सुळ्यांचा राजा

अजिंठ्याला जायचं तर छत्रपती संभाजीनगरहून साधारण शंभर किलोमीटर, जळगावहून साठेक. फर्दापूरजवळ उतरायचं. तिथून आत वाघूर नदीनं डोंगर घोड्याच्या नालासारखा कापून ठेवलाय आणि त्या कड्याच्या पोटात तीसेक लेणी आहेत. दगड काळा, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उकळता लाव्हा वर आला, थरावर थर साचला आणि थिजला, तोच हा दगड. काही लेणी इसवी सनाच्याही आधीची आहेत, बरीचशी पाचव्या शतकातली.

आता हत्तींकडे वळू. अजिंठ्यात हत्ती इतके आहेत, की मोजायला बसलात तर बस चुकेल. त्यातल्या एका हत्तीची गोष्ट दोन लेण्यांत रंगवलेली आहे, दहाव्या आणि सतराव्या. दोन्ही लेणी एकाच कड्यात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर. पण या दोन चित्रांच्या मध्ये पाच-सहाशे वर्षं गेलेली आहेत! पहिल्याच्या नातवाचा नातूसुद्धा दुसऱ्याला भेटलेला नसणार. तरी दोघांनाही तोच हत्ती काढावासा वाटला.

त्याचं नाव षड्दंत. हत्तींचा राजा, सहा सुळ्यांचा. त्याला दोन राण्या होत्या. एकीच्या मनात आलं, हा दुसरीवरच जास्त माया करतो. ती रुसली, झुरून मेली आणि पुढच्या जन्मी माणसांच्या राजाची राणी झाली. राग मात्र जुनाच. तिनं एका शिकाऱ्याला सांगितलं, मला त्या हत्तीचे सुळे हवेत. शिकारी गेला, लपून त्यानं बाण मारला. हत्ती त्याला एका पायाखाली चिरडू शकला असता, पण त्यानं चिरडलं नाही. उलट सुळे कापायला स्वतःच मदत केली. सुळे राजवाड्यात आले. ते बघून राणीला सगळं आठवलं आणि ती कोसळली. ही जातककथा आहे. बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या ज्या गोष्टी सांगतात, त्यांना जातककथा म्हणतात. या गोष्टींत बुद्ध कधी हत्ती असतो, कधी हरीण, कधी माकड, कधी मासासुद्धा. चित्रकारांची चंगळच झाली म्हणायची!

पण थांबा. हत्तीला सहा सुळे असतात का? नसतात. सुळे म्हणजे हत्तीच्या वरच्या जबड्यातले पटाशीचे दात. ते दोनच असतात आणि आयुष्यभर वाढत राहतात. जेवढे बाहेर दिसतात तेवढेच नसतात, बराचसा भाग कवटीच्या आत रोवलेला असतो. आशियाई हत्तिणीला तर लांब सुळे नसतातच. म्हणजे सहा सुळे चित्रकारानं गोष्टीतून घेतले. उरलेला सगळा हत्ती मात्र त्यानं खऱ्या हत्तीवरून घेतला.

कशावरून म्हणता? तुम्हीच तपासा. आशियाई हत्तीच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात आणि मधे खळगा. पाठ कमानीसारखी वर उचललेली. कान आफ्रिकी हत्तीच्या मानानं लहान. सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक कोंब, त्यानं तो शेंगदाणासुद्धा उचलतो. आफ्रिकी हत्तीला असे दोन कोंब असतात. आणखी एक अवघड परीक्षा आहे, ती मागच्या पायाची. गाईच्या किंवा घोड्याच्या मागच्या पायात मधोमध मागे वळलेला एक सांधा दिसतो. आपण त्याला गुडघा समजतो, पण तो असतो घोटा. त्यांचा खरा गुडघा वर पोटापाशी असतो. हत्तीचा गुडघा मात्र आपल्यासारखा पायाच्या मधोमध असतो आणि आपल्यासारखाच वाकतो. म्हणून हत्ती खाली बसायला लागला, की कुणी जाडजूड आजोबा गुडघे टेकतायत असं वाटतं. नवशिका चित्रकार हमखास इथेच फसतो, हत्तीला गाईचे पाय लावून मोकळा होतो. तुमच्या वहीतला हत्ती काढा बघू बाहेर! आणि अजिंठ्याला गेलात, की तिथल्या हत्तींचे मागचे पाय बघून या.

सतराव्या लेण्यात आणखी एक हत्ती आहे, तो माझा सगळ्यात लाडका. त्याची आई आंधळी. तो तिला रोज खाऊपिऊ घालायचा. एकदा राजाच्या माणसांनी त्याला पकडून नेलं. त्याच्यापुढे चांगलंचुंगलं ठेवलं, पण तो तोंड लावेना. राजानं कारण विचारलं, तर म्हणाला, तिकडे आई उपाशी आहे. राजानं त्याला सोडून दिलं. मायलेकरं भेटतात आणि सोंडेनं एकमेकांना कुरवाळतात, ते चित्र भिंतीवर आहे. हत्तींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात, की दुरावलेले हत्ती भेटले की खरंच असंच करतात. सोंडेनं चाचपतात, सोंडेचं टोक एकमेकांच्या तोंडात घालतात. त्या चित्रकाराकडे दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता. हत्ती होते आणि वेळ होता.

हत्ती त्याला कुठे भेटले असतील? आज संभाजीनगरच्या रानात एकही जंगली हत्ती नाही. महाराष्ट्रात ते सिंधुदुर्गात कर्नाटकातून येतात, अलीकडे गडचिरोलीत छत्तीसगडकडून आले. पण त्या काळी राजाचं सैन्य म्हटलं की हत्ती आलेच. मोठे रस्ते या डोंगरातून जात, सरदारांच्या स्वाऱ्या जात. हत्तीखान्यात माहुताशेजारी उकिडवा बसून बघणारा एखादा चित्रकार मला अगदी स्पष्ट दिसतो. सिंहांबद्दल मात्र माझं जरा वेगळं मत आहे. अजिंठ्यातले सिंह छान आहेत, रुबाबदार आहेत, पण हत्ती-माकडांसारखे ओळखीचे वाटत नाहीत. सिंह बहुधा त्यांनी ऐकून काढला असावा. हे आपलं माझं मत, तुमचं वेगळं असू शकेल.

चिखल, तूस आणि दूरदेशीचा निळा

दगडावर थेट रंग लावला तर टिकत नाही. म्हणून आधी भिंत लिंपायची. माती, त्यात भाताचं तूस, गवताचे आणि झाडांचे तंतू, वाळू असं सगळं कालवून जाडसर थर द्यायचा. लेण्याची भिंत छिन्नीनं खडबडीतच ठेवलेली असते, त्यामुळे हा गिलावा पक्का धरतो. त्यावर आणखी बारीक मातीचा थर आणि शेवटी पांढरा, पातळ हात. तो वाळला की चित्र सुरू. आधी गेरूच्या रेघेनं आकार काढायचा, मग रंग भरायचे, मग पुन्हा गडद रेघेनं कडा पक्क्या करायच्या. रंगात डिंक किंवा सरस घातलेला असे, म्हणजे तो भिंतीला चिकटून बसे.

रंग कुठले? दुकान कुठे होतं तिथे! तांबडा आणि तपकिरी गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा दिव्याच्या काजळीचा, पांढरा चुन्यासारख्या पांढऱ्या खनिजांचा. हिरवा एका हिरव्या मातीचा. बेसॉल्टमध्ये कधी कधी हवेचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात. त्या पोकळ्यांत अशी हिरवी खनिजं तयार होतात. म्हणजे ज्या दगडात लेणं कोरलं, तसल्याच दगडाच्या पोटात पोपटाचा रंगही होता! निळ्याची गोष्ट न्यारी. निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून यायचा. उंटांवर, घोड्यांवर, बैलांच्या पाठीवर, हजाराहून जास्त मैल. दहाव्या लेण्यातल्या जुन्या चित्रांत निळा नाही, तो पाचव्या शतकातल्या चित्रांत दिसतो. महागडा होता, म्हणून बेतानंच वापरलेला.

आणि अंधाराचं काय? आत तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. तिथले वाटाडे सांगतात, की बाहेरचं ऊन आरशासारख्या चकचकीत पत्र्यांनी किंवा पांढऱ्या कापडानं आत वळवत असत. ते करूनही दाखवतात, आणि खरंच भिंत उजळते. शिवाय तेलाचे दिवे होतेच.

आता एक दुःखाची पण मजेशीर गोष्ट. ज्या प्राण्यांवर या चित्रकारांनी इतकी माया केली, त्यांच्यातल्याच काहींनी त्यांची चित्रं खाल्ली! गिलाव्यातलं तूस, तंतू, रंगातला सरस हे सगळं किड्यांना मेजवानीच. कसर, भुंगेरे, नाना जातींचे किडे भिंतीत शिरले. वटवाघळांनी शेकडो वर्षं छताला लटकून खाली शिंतोडे उडवले, त्यांच्या विष्ठेनं रंग खराब झाले. काही संशोधकांच्या अंदाजानुसार अजिंठ्यातल्या चित्रांचा चौथा हिस्सा तरी किड्यांपायी बिघडला. वेरूळच्या लेण्यांत मात्र वेगळंच झालं. तिथल्या गिलाव्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. भांगेचा वास किड्यांना नकोसा असतो, म्हणून तिथला गिलावा कमी कुरतडला गेला असावा असं हे संशोधक म्हणतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडली नाही. अजिंठ्यानंतर वेरूळचं काम झालं, तेव्हा कुणी तरी शहाणपणा शिकलं असावं का? मला तसं मानायला आवडतं.

शेपटी कुणीकडे?

सतराव्या लेण्यात माकडांचा राजा आहे. गंगेकाठी आंब्याचं झाड, त्यावर वानरसेना आंबे खातेय, आणि खाली राजाचे तिरंदाज बाण लावून उभे. पळायला वाट नाही. तेव्हा माकडांचा राजा या तीरावरून त्या तीरावर अंग ताणतो आणि स्वतःचाच पूल करतो. सगळी माकडं त्याच्या पाठीवरून पार होतात. त्याच लेण्यात आणखी एक वात्रट माकड आहे. ते एका शांत रेड्याच्या पाठीवर चढतं, त्याला छळतं, आणि रेडा काही म्हणजे काही बोलत नाही. तो रेडाही बुद्धच, मागच्या जन्मीचा. शाळेत तुमच्या वर्गातही असा एक रेडा आणि असं एक माकड असेल. कोण ते मी विचारत नाही.

बाहेर आलात की खरीखुरी वानरं भेटतील. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. यांच्याबद्दल एक भन्नाट गोष्ट प्राणिशास्त्रज्ञांनी टिपली आहे. भारताच्या उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी वर उचलून डोक्याच्या दिशेनं पुढे वळवतात. दक्षिणेकडची वानरं शेपटीचं टोक मागे, डोक्यापासून दूर टाकतात. आणि या दोन पद्धतींची सीमा साधारणपणे तापी आणि गोदावरी या नद्यांच्या पट्ट्यातून जाते. आता नकाशा काढा. वाघूर नदी पुढे तापीला मिळते. गोदावरी तिकडे पैठणला. अजिंठा बरोबर या दोघींच्या मधे! मग तिथली वानरं शेपटी कुणीकडे वळवतात? उत्तर मी सांगणार नाही. वही न्या, शेपटीची एक रेघ काढा, पुढे की मागे. दहा वानरांची दहा चित्रं झाली, की तुमचा स्वतःचा अभ्यास तयार.

उडणारे शेजारी

सतराव्या लेण्यातच हंसांची गोष्ट आहे. हंसांचा राजा फाशात अडकतो. बाकीचे उडून जातात, पण त्याचा सेनापती सुमुख जात नाही. 'मलाही पकड' म्हणून शेजारी उभा राहतो. फासेपारधी विरघळतो आणि दोघांनाही सोडतो. हे हंस म्हणजे गोष्टींच्या पुस्तकातला लांब, वळणदार मानेचा पांढराशुभ्र पक्षी नव्हे. मान जरा आखूड, पाय मजबूत, चाल डुलत डुलत. दुसऱ्या लेण्याच्या छतावरच्या गोल नक्षीत हेच हंस एका रांगेत चाललेत. तिथे खाली उभं राहून एकेक बघा. एक मागे वळून बघतोय, एकाची चोच पिसांत, एक मान ताणून पुढच्याला काहीतरी सांगतोय. ठसा मारून छापलेले नाहीत ते. मला वाटतं, चित्रकाराला तोच हंस दुसऱ्यांदा काढायचा कंटाळा आला असावा.

हंसांचे भाईबंद आजही संभाजीनगर जिल्ह्यात येतात. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे, त्याचं पाणी म्हणजे नाथसागर. दर हिवाळ्यात तिथे पट्टकदंब नावाचे पक्षी उतरतात. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर काळ्या दोन आडव्या पट्ट्या. ते येतात तिबेट, मंगोलिया अशा थंड मुलखांतून, हिमालय ओलांडून. त्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा ते सात हजार मीटरांपेक्षाही उंच उडताना सापडले. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ, की आपण चार पावलं चाललो तरी धापा टाकू. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन चटकन धरून ठेवतं, फुप्फुसं मोठी असतात, म्हणून त्यांना जमतं.

जळालेली चित्रं आणि नंदलाल

१८१९ साली वाघाच्या शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं ही लेणी पाहिली आणि त्याची बातमी दूरवर गेली. गावातल्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होतीच, हे सांगायला नको. जॉन स्मिथ त्या अधिकाऱ्याचं नाव. साहेबांनी दहाव्या लेण्यात एका खांबावर आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली. आज कुणी तसं केलं तर दंड होईल!

मग १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या सैनिकाला ही चित्रं उतरवून घ्यायला नेमलं. तो इथेच राहिला, वर्षानुवर्षं मोठमोठ्या कापडांवर चित्रांच्या नकला करत राहिला. गंमत अशी, की हाच माणूस वाघांचा नावाजलेला शिकारी होता. सकाळी हरणाचा डोळा रंगवायचा आणि संध्याकाळी बंदूक घेऊन निघायचं, हे त्याला कसं जमत असेल कोण जाणे. त्याच्या बहुतेक नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ साली तिथे आग लागली आणि त्या जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ पासून पुढे बरीच वर्षं त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. दोनदा तोच घाव! मूळ चित्रं मात्र डोंगरात आगीपासून सुखरूप होती.

वाघांचं पुढे काय झालं? अजिंठ्याच्या डोंगरातले वाघ संपले. पण २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओपट्टा घालून निघाला तो महाराष्ट्र आणि तेलंगणा पालथा घालत, एकूण तीन हजार किलोमीटरांहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्ञानगंगा म्हणजे याच अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पूर्वेकडचा भाग. आणि २०२१ साली टिपेश्वरहूनच आलेला आणखी एक वाघ गौताळ्याच्या जंगलात कॅमेऱ्यात टिपला गेला. गौताळाही याच डोंगररांगेत. रॉबर्ट गिल आता नाही, हे वाघांना कुणी तरी कळवलं असणार.

आता शेवटचा चित्रकार. याचं नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. १९०९ च्या डिसेंबरात क्रिस्टिआना हेरिंगहॅम या बाई अजिंठ्याला आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते, हैदराबादहून सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन होते. कलकत्त्याच्या मुलांत एक होता नंदलाल बोस, वय वर्षं सत्तावीस. दिवसभर भिंतीसमोर बसून तो शिकला, की एका न थांबणाऱ्या रेघेत हत्तीचं वजन आणि हंसाची मान दोन्ही बसवता येतात. ही रेघ त्यानं जन्मभर सोडली नाही.

पुढे नंदलाल शांतिनिकेतनात मुलांना चित्रकला शिकवायला लागले. मुलांना ते खोलीत कमी आणि बाहेर जास्त पाठवत. झाडं काढा, बकऱ्या काढा, म्हशी काढा. स्वतःच्या खिशात कोरी पोस्टकार्डं ठेवत. कुठे काही दिसलं, की त्यावर चार रेघांत उतरवत आणि मित्राला किंवा विद्यार्थ्याला टपालानं पाठवून देत. कधी झाड, कधी बकरी, कधी पाऊस. अशी शेकडो कार्डं त्यांनी पाठवली. म्हातारपणीही थांबले नाहीत. आपल्या राज्यघटनेची जी मूळ, हस्ताक्षरातली प्रत आहे, तिची पानंही नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीच सजवली. तिच्या सुरुवातीच्या चित्रांत मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल आहे.

आणि एक गोष्ट अजिंठ्याच्या शेजारच्या जिल्ह्यातली. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला. मंडप सजवायला गांधीजींनी नंदलालांना बोलावलं. त्यांनी काय वापरलं? बांबू, गवत, चटया, जे त्या खेड्यात मिळत होतं ते. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही त्याच मुलखातली माती आणि तूसच वापरलं होतं की!

जाता जाता पुन्हा अजिंठ्यात येऊ. पहिल्या लेण्यात दोन बैलांच्या झुंजीचं एक छोटंसं चित्र आहे. शिंगं शिंगांत अडकलेली, वशिंडं ताठ, दोघांचा सगळा जोर पुढच्या पायांवर. पोळ्याला बैल जवळून बघितले असतील, तर तुम्हाला ते लगेच ओळखू येईल. आणि बघितले नसतील, तर यंदा बघा. बैल रेटतो तेव्हा मान खाली घालतो की वर करतो, मागचे पाय कुठे टेकवतो. मग वहीत काढा आणि अजिंठ्याशी ताडून पाहा. हरणांवर एकदा नजर टाकायलाही विसरू नका, ती चारही अजून भांडतायत डोकं कुणाचं म्हणून.

जायचं ठरलं तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. आत फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही. भिंतीला हात लावायचा नाही, हाताच्या घामानंही बिघाड होतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा. वानरांना मात्र सोमवारची सुट्टी नाही. ती रोजच्या रोज हजर असतात आणि तुमच्या पिशवीत नेमका कुठला बिस्किटाचा पुडा आहे, हे तुमच्या आधी ओळखतात.